आधी तानपुरे उतरवा

पंढरपूरच्या आसपास, भीमेच्या काठाने, एक भोपळा पिकतो. तो भाजीला चालत नाही. चवीला कडू, सालीला जाड आणि नीट पोसला तर कवेत मावणार नाही एवढा मोठा. वेलीवरून उतरवला की तो महिनोन्‌महिने वाळतो आणि मग मिरजेला रवाना होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेतल्या शिकलगार घराण्यांनी तलवारी घडवणारे हात तंतुवाद्यांकडे वळवले. त्यांत फरीदसाहेबांचं नाव आजही पहिलं घेतलं जातं. पंढरपूरकडचा भोपळा तिथे कापला, कोरला, रंगवला जातो आणि त्यावर लाकडी दांडी बसली की तानपुरा तयार होतो. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मैफलीत गायकाच्या मागे जो खर्ज घुमतो, तो बहुतेक वेळा सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मळ्यातल्या भोपळ्याच्या पोकळीतून येत असतो.

भोपळा धट्टाकट्टा दिसला तरी ठेच लागली की तडकतो. म्हणूनच लहान गावातल्या उत्सवाला गवई मंडळी आली की यजमान चहापाण्याच्या आधी एक सूचना देतो: आधी तानपुरे उतरवा. मग ते कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला टेकवायचे, तिथे मुलं खेळत नाहीत ना, खिडकीतून ऊन येत नाही ना, हे पाहिलं जातं. माणसांच्या गाद्यांचा विचार त्यानंतर होतो.

मोठ्या शहरातल्या महोत्सवाला तिकीट असतं, प्रायोजक असतो, ग्रीन रूम असते आणि कलाकाराला मिळालेली घड्याळी वेळ असते. गावच्या उत्सवाची रीत निराळी. तिथे कलाकार कुणाचा तरी गुरुबंधू म्हणून, कुणाचा जुना स्नेही म्हणून येतो. रात्रभर राहतो, दुसऱ्याचं गाणं ऐकतो, पंगतीला बसतो. बिदागी कधी असते, कधी नसते, कधी नारळ आणि शालीवर भागतं. अशा उत्सवांकडे भाबड्या आठवणींच्या डोळ्यांनी पाहायची सवय आहे. पण त्यांचा हिशेब मांडला तर दिसतं की हिंदुस्थानी संगीतातल्या बऱ्याच गाठीभेटी, गुरू-शिष्यांच्या जोड्या आणि घराण्यांची देवघेव या मुक्कामांतच घडली. गाणं मंडपात झालं असेल. बाकी पुष्कळ काही यजमानाच्या ओसरीवर झालं.

सोलापूर या नकाशावर कुठे येतं, ते रेल्वेच्या रुळांवरून समजतं. १८६०मध्ये इथे मुंबईची गाडी पोहोचली. १८८४मध्ये सदर्न मराठा रेल्वेने शहराशेजारच्या होटगीपासून विजापूर, बागलकोटमार्गे गदगपर्यंत मीटरगेज मार्ग सुरू केला. गदगहून पुढे हुबळी, आणि हुबळीहून जवळच कुंदगोळ. मुंबई-पुण्याची नाटकं आणि ध्वनिमुद्रिका या वाटेने दक्षिणेकडे गेल्या. उलट दिशेने धारवाडी गळे महाराष्ट्रात आले. सोलापुरात घराघरांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलली जाते. तेव्हा या येणाऱ्या-जाणाऱ्यांशी कुठल्या भाषेत बोलायचं हा प्रश्न इथे कधी पडला नाही.

गदगकडच्या एका मुलाने १९३३मध्ये घर सोडलं. वय अकरा. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याला गुरू शोधायचा होता. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असं करत हा मुलगा, म्हणजे भीमसेन जोशी, पार पंजाबात जालंधरला पोहोचला. तिथे स्वामी हरवल्लभ यांच्या नावाने ओळखलं जाणारं संगीत संमेलन १८७५पासून भरतं. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत देवी तलावाच्या काठी देशभरातले गवई जमतात. असेच पाहुणे म्हणून आलेले विनायकबुवा पटवर्धन या मुलाला भेटले आणि त्यांनी त्याला विचारलं की, सवाई गंधर्व तुझ्या घराजवळ असताना तू इतक्या लांब काय करतोस? १९३६च्या सुमारास भीमसेन कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहू लागले. जालंधरच्या संमेलनात विनायकबुवा गायले असतील, त्याची कुठे तरी नोंदही असेल. इतिहास बदलला तो मात्र मैफलीबाहेर एका पोराशी झालेल्या बोलण्यामुळे.

कुंदगोळची गोष्टही मुळात पाहुणचारातूनच सुरू झाली. तिथल्या नाडगीर वाड्यात अब्दुल करीम खाँ उतरत असत. म्हैसूरकडे जाता-येता हा थांबा सोयीचा होता आणि नाडगीर गाण्याचे दर्दी होते. या नाडगिरांच्या पदरी सौंशी नावाचे कारकून होते. त्यांचा मुलगा रामचंद्र गळ्याने गोड. वाड्यात उतरलेल्या पाहुण्याच्या कानावर त्या मुलाचं गाणं पडलं आणि आठ वर्षं शिकायची तयारी असेल तर शिकवतो, अशा अटीवर खाँसाहेबांनी त्याला जवळ केलं. १८८६मध्ये जन्मलेला हा रामचंद्र पुढे रंगभूमीवर गाजला. अमरावतीला दादासाहेब खापर्डे यांनी त्याला ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली. नाडगिरांनी खाँसाहेबांना वाड्यावर उतरवण्याऐवजी धर्मशाळेची वाट दाखवली असती, तर किराणा घराण्याची ही शाखा फुटली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सवाई गंधर्व उतारवयात कुंदगोळला परतले. हुबळीहून गंगूबाई हनगल रेल्वेने शिकायला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जायच्या. मुंबईहून फिरोज दस्तूर यायचे. १२ सप्टेंबर १९५२ला सवाई गंधर्वांचं निधन झालं आणि १९५३पासून पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला. भीमसेन आणि सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी तो उभा केला. आज तो देशातल्या सर्वांत मोठ्या संगीत महोत्सवांत मोजला जातो. कुंदगोळच्या वाड्यातली पुण्यतिथीही चालू राहिली. भीमसेन, गंगूबाई आणि दस्तूर हे तिघे गुरुबंधू-भगिनी तिथे गायला जात. एका गुरूच्या नावाने दोन उत्सव: एकाला हजारोंचा मंडप, दुसऱ्याला वाड्याचा चौक. पुण्यातल्या मंडपाचं रूप बदलत गेलं, जागा बदलल्या. कुंदगोळच्या चौकात बसणाऱ्याला गायकाच्या कपाळावरचा घाम दिसायचा.

मिरजेचा उत्सव दर्ग्यातला. खाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ गायचे. एका मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यांची श्रद्धा इथे जडली, असं मिरजेत सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना बरं वाटेनासं झालं. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तानपुरा जुळवायला सांगितला आणि फलाटावरच दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत त्यांनी देह ठेवला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. देह मिरजेला आणला गेला आणि दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. तेव्हापासून उरुसात गवयांची हजेरी म्हणजे खाँसाहेबांना दिलेला सलाम ठरली. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर इथे येत राहिल्या. इथे गायचं ते सेवा म्हणून, बिदागीसाठी नव्हे, हा दंडक. याच उरुसात गलेफाचा पहिला मान चर्मकार समाजाचा असतो. गायक कुठल्या घराण्याचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायची दर्ग्यात पद्धत नाही. मिरजेतली बुजुर्ग घरं या दिवसांत गवयांसाठी दार उघडं ठेवत. बिघडलेला तानपुरा दुरुस्त करणारा कारागीरही दोन गल्ल्यांवर सापडायचा, ही इतर गावांना न लाभलेली चैन.

तिसरं गाव औंध. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराखाली. सोलापूरहून जायचं तर पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी असा रस्ता. हे एके काळचं संस्थान. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. १९३८मध्ये त्यांनी इथे संग्रहालय बांधलं आणि १९३९मध्ये सत्ता प्रजेच्या हाती दिली. ग. दि. माडगूळकर इथल्याच शाळेत शिकले. दरबारगायक होते अंतुबुवा जोशी, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९४०मध्ये दत्तमंदिरात संगीत उत्सव सुरू केला. तिथी आश्विन वद्य पंचमी. म्हणजे कोजागरी होऊन पाच दिवस झालेले आणि वसुबारस आठवड्यावर आलेली. घरोघरी फराळाची भाजणी निघायच्या आत उत्सव उरकतो.

अंतुबुवांनंतर उत्सवाचा भार त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी उचलला. गायक आणि व्हायोलिनवादक अशी त्यांची दुहेरी कीर्ती. वडिलांकडे ग्वाल्हेर गायकी, विलायत हुसेन खाँकडे आग्रा, भुर्जी खाँकडे जयपूर, शिवाय रामकृष्णबुवा वझे यांचंही मार्गदर्शन. ज्या काळात एका घराण्याचा शागीर्द दुसऱ्याच्या बैठकीत नुसता जाऊन बसला तरी भुवया उंचावत, त्या काळात या माणसाने तीन घराणी पचवली. यजमानच असा असल्यावर औंधच्या बैठकीत कुठल्या घराण्याला मज्जाव असणार? पाहुणे एकमेकांचं गाणं मांडी घालून ऐकत. सकाळी कुणाची तरी रियाजाची तान ऐकू आली की दुसरा दाराशी येऊन उभा राहायचा. १९८७मध्ये गजाननबुवा गेले. त्यांच्या शिष्यपरिवाराने, त्यांत अरुण कशाळकर आणि उल्हास कशाळकर हे बंधूही आले, शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानमार्फत उत्सव पुढे नेला. उल्हास कशाळकरांच्या गाण्यात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर तिन्ही ढंग स्वच्छ वेगळे ऐकू येतात. त्याची मुळं गजाननबुवांच्या तालमीत आहेत आणि त्या तालमीचा सार्वजनिक चेहरा म्हणजे औंधची पंचमी.

मुक्कामी पाहुणा सांभाळणं सोपं काम नाही. गवई गाण्याआधी पोटभर जेवत नाही. आंबट, थंड, तळकट टाळतो. त्याचं खरं जेवण रात्री एक-दोनला, बैठक झाल्यावर. तबलजी आणि पेटीवाले मात्र आधी खाऊन घेतात, कारण त्यांना पुढच्या गायकालाही साथ करायची असते. म्हणजे चूल दोनदा पेटवायची. मध्ये आल्याचा चहा, कोमट पाणी, खडीसाखर, लवंगा. पहाटेची गाडी पकडणाऱ्याला शिदोरी. या बाबतीत सोलापूरचं स्वयंपाकघर भाग्यवान. ज्वारीची कडक भाकरी पातळ थापून, भाजून, वाळवली की आठवडे टिकते. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी तिच्या जोडीला असली की प्रवासात दुसरं काही लागत नाही. फक्त गाणं पुढ्यात असताना ती चटणी पाहुण्याच्या पानात वाढायची नाही, एवढं तारतम्य घरातल्या बाईला लागतं. ती बाई बहुतेक वेळा बैठकीचा पूर्वार्ध स्वयंपाकघरातून ऐकते. उत्सवांच्या इतिहासात तिचं नाव सहसा सापडत नाही.

हवेचाही प्रश्न असतो. ऑक्टोबरात सोलापूरकडे दुपारी कडक ऊन आणि पहाटे गारवा. खोलीत जुळवलेला तानपुरा अंगणातल्या मंडपात आणला की तारा उतरतात किंवा चढतात. म्हणून जाणता यजमान बैठकीच्या तासभर आधी वाद्यं मंडपातच नेऊन ठेवतो. त्याच हवेत त्यांना श्वास घेऊ देतो. मग मणी सरकवून सूर बारीक केला जातो, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी उघडली जाते. वातानुकूलित हॉटेलातून थेट व्यासपीठावर येणाऱ्या वाद्याला ही सवड मिळत नाही आणि पहिली दहा मिनिटं जुळवाजुळवीत जातात.

या पाहुणचाराची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. कलाकार वाड्यात उतरायचा, पण प्रत्येकाला वाड्याची पंगत मिळत होती असं नाही. १९२४मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गांधीजी. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या. गाण्याची नव्हे, तर जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी पानं उचलायला सांगतील की काय याची धास्ती त्या दिवशी मनात होती, असं त्यांनी पुढे सांगितलं. कलावंतीण घराण्यातली मुलगी म्हणून ती धास्ती आली होती. याच गंगूबाई २००२मध्ये पद्मविभूषण झाल्या. गळा ओसरीवर चालतो पण माणूस माजघरात चालत नाही, असा हा व्यवहार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या लावणी कलावतींनी तो आणखी जवळून पाहिला. त्यांना सुपारी मिळायची, आमंत्रण मिळत नव्हतं. अकलूजला १९९३मध्ये सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेचं महत्त्व इथे आहे. गावातल्या बायका उघडपणे प्रेक्षकांत येऊन बसल्या आणि संगीतबारीतल्या पार्ट्या उत्सवाच्या निमंत्रित म्हणून गावात आल्या.

मग हे मुक्काम कमी का झाले? पहिलं कारण घरांचं. वाडे पडले, चौक गेले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार गवई आणि दोन तानपुरे उतरवायचे कुठे? दुसरं कारण रस्त्यांचं. सोलापूर-पुणे चौपदरी झाल्यावर कलाकार संध्याकाळी येतो, गातो आणि रात्रीच परततो. तिसरं कारण कायद्याचं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केले. वर्षातून फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, सरकारला सूट देता येते. झोपेचा हक्क कुणी नाकारत नाही. पण त्यामुळे उघड्या मंडपातली रात्रभराची बैठक आटली. उत्तररात्रीचे अडाणा-मालकंस आधीच्या प्रहरात आले आणि रात्र राहून काढण्याचं निमित्तच गेलं. त्याच्या बदल्यात पहाट वाढली. दिवाळी पहाट सोलापुरातही रुजली आहे. सहाला सूर लागतो, ललत-भटियार होतात, साडेआठला श्रोते फराळाला घरी पोहोचतात. चौथं कारण पैशाचं आणि ते न्याय्य आहे. गाणं हा पेशा आहे. घरभाडं, मुलांचं शिक्षण, साथीदारांचे पैसे स्नेहावर भागत नाहीत. बिदागी न मागणाऱ्या कलाकाराचं कौतुक करणाऱ्यांनी त्याचा महिन्याचा खर्च कोण चालवतो, हेही विचारायला हवं. संस्थानं होती तोवर तो प्रश्न दरबार सोडवत असे.

कलाकाराला घरी ठेवून घेणारा उत्सव मात्र सोलापूर जिल्ह्यात संपलेला नाही. त्याने फक्त मैफलीचं नाव घेतलेलं नाही. गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह हा तोच उत्सव आहे. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाने दुसऱ्याच्या पायाला हात लावून ती गळ्यात घ्यायची, पहारे बदलायचे. या सात दिवसांत कीर्तनकार रोज नवा येतो, पण मृदंगवादक, गायक आणि टाळकरी यांतले बरेच जण मुक्कामी असतात. कुणाच्या ओट्यावर पथारी, कुणाकडे आंघोळीचं पाणी, कुणाकडे दुपारचं पान. मृदंगाच्या धुमेला लावायची कणीक रोज ताजी मळून कुठल्या घरातून यायची, हेही ठरलेलं. आळंदीत शिकलेला वीस-बावीस वर्षांचा मृदंगवादक अशा सप्ताहांतून तयार होतो. एका गावात त्याला भजनाची जुनी चाल सांगणारा म्हातारा भेटतो, दुसऱ्या गावात पखवाजाचा ठेका दुरुस्त करणारा. औंधला पंचमीच्या सकाळी जे घडायचं, त्याच जातीचं हे शिक्षण.

इथेही पाकिटाचा वाद आहेच. कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत हा वारकरी संकेत आणि नामांकित कीर्तनकारांचे वाढते आकडे, यांवर पारावर कडाक्याचं बोलणं होतं. काही गावांनी मोठ्या नावांऐवजी पंचक्रोशीतले कीर्तनकार बोलवायला सुरुवात केली आहे. वाचलेला पैसा महाप्रसादाकडे वळवतात. दुसरीकडे, एका मोठ्या नावासाठी तीन तालुके लोटतात आणि त्या गर्दीने देवळाच्या कळसाचा खर्च निघतो, असा हिशेब मांडणारेही आहेत.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. दहीहंडी फुटते, लाह्यांचा काला वाटला जातो. लगेच मंडपातून माइकवर पुढच्या वर्षाची पुकार सुरू होते. सोमवारची पंगत कुणाची, मंगळवारची कुणाची. कुणी गव्हाचं पोतं जाहीर करतो, कुणी तेलाचा डबा. पहाऱ्याची नावं वहीत उतरतात. मृदंगवाले आणि गायक मंडळी कुणाकडे उतरणार, याला दोन घरं एकदम हात वर करतात आणि मंडळाच्या लोकांना बसून तोड काढावी लागते.